रूळ गेले, वाट उरली : अकोला-खंडवा लोहमार्ग आणि सायकलवाटेचा प्रश्न

विदर्भाच्या वायव्य टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका जुन्या लोहमार्गाचे भवितव्य आज ठरत आहे. अकोला ते खंडवा हा मीटरगेज मार्ग २०१७ च्या आरंभी वाहतुकीसाठी बंद करण्यात आला. त्यापैकी अकोला ते अकोट हा टप्पा ब्रॉडगेज झाला आणि नोव्हेंबर २०२२ पासून त्यावर गाडी धावू लागली. अकोटच्या पुढे मात्र जुना मार्ग मेळघाटच्या अरण्यात शिरत होता. वाघांचा हा अधिवास जपावा म्हणून नवा मार्ग जंगलाबाहेरून, बुलढाणा जिल्ह्यातून वळवण्याचे ठरले. त्यामुळे जंगलातील जुन्या मार्गावरून पुन्हा कधीही आगगाडी धावणार नाही, हे स्पष्ट झाले आहे.

मग त्या वाटेचे काय करायचे? जगात अनेक ठिकाणी अशा बंद पडलेल्या लोहमार्गांच्या सायकलवाटा झाल्या आहेत. आपल्याकडेही सायकलप्रेमी मंडळी हा प्रश्न उत्साहाने विचारतात. कल्पना मोहक आहे. पण ती कोठे लागू पडते, कोठे पडत नाही आणि तिच्यासाठी मोहीम उभारायची तर कोणत्या क्रमाने पावले टाकावी लागतात, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रयत्न करीत आहोत.

जुन्या मार्गाची ओळख

आपल्या देशात रेल्वेचे तीन प्रमुख गेज होते. दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असेल तर ब्रॉडगेज, १००० मिलिमीटर असेल तर मीटरगेज आणि ७६२ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर नॅरोगेज. मार्ग वेगळ्या मापाचे असल्यामुळे प्रवाशांना गाडी बदलावी लागे आणि माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी १९९२ साली रेल्वेने सर्व प्रमुख मार्ग ब्रॉडगेज करण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हापासून हजारो किलोमीटर मार्गांचे रूपांतर झाले. जेथे नवा मार्ग जुन्याच भरावावर बसला तेथे प्रश्न उद्भवला नाही. जेथे वळणे काढून टाकण्यासाठी किंवा अन्य कारणाने नवा मार्ग दुसरीकडून नेला, तेथे जुना भराव, जुने पूल आणि ओसाड फलाट मागे राहिले.

अकोला-खंडवा मार्ग स्वातंत्र्योत्तर काळातला, १९६० च्या सुमारास पूर्ण झालेला. उत्तरेकडील राजस्थान-माळव्याचे मीटरगेज जाळे दक्षिणेतील हैदराबादकडील जाळ्याशी जोडणारा तो दुवा होता. जयपूरकडून येणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने दक्षिणेकडे जात असे. अकोट, हिवरखेड, वान रोड, धुळघाट, तुकईथड अशी स्थानके घेत गाडी सातपुडा ओलांडी. धुळघाटजवळ डोंगराची चढण एकदम पार करता येत नसल्याने अभियंत्यांनी मार्गाला पूर्ण वळसा दिला आणि तो स्वतःच्याच मार्गावरून पुलाने पलीकडे नेला. वरून पाहिल्यास हे वळण देवनागरी ४ या आकड्यासारखे दिसते. असे वर्तुळाकार वळण भारतात मोजक्याच ठिकाणी आहे.

या मार्गाचे महत्त्व केवळ अभियांत्रिकीचे नव्हते. धारणी तालुक्यातील कोरकू आदिवासी पाड्यांना अकोल्याच्या दवाखान्यात किंवा खंडव्याच्या बाजारात जाण्यासाठी हीच स्वस्त सोय होती. दुर्गम भागातील माणसाला थोड्या पैशांत शहर गाठता येत होते. गाडी थांबली तेव्हा ही सोयही थांबली. पुढील सर्व विचार करताना ही गोष्ट डोळ्यांआड होता कामा नये.

मार्ग बुलढाण्याकडे का वळला?

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७३-७४ पासून येथे वाघांचे संरक्षण चालू आहे. पुढे १९९७ साली त्याच्या परिसरातील वान, नरनाळा आणि अंबाबरवा ही अभयारण्ये घोषित झाली. यांपैकी अंबाबरवा बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात आहे, नरनाळा अकोला जिल्ह्यात, तर वान अमरावती जिल्ह्यात. जुन्या लोहमार्गाचा सुमारे ३९ किलोमीटरचा पट्टा व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि त्यातील २३ किलोमीटरांच्या आसपासचा भाग वान अभयारण्यात आहे.

मीटरगेजवर दिवसातून मोजक्याच गाड्या आणि त्याही संथ गतीने जात असत. ब्रॉडगेज झाल्यावर गाड्यांची संख्या व वेग दोन्ही वाढतात. मालगाड्या रात्री धावतात. नवे बोगदे, उंच भराव आणि कुंपणे यांमुळे जंगलाचे दोन तुकडे पडतात. वाघाला शिकारीसाठी आणि जोडीदाराच्या शोधात दूरवर फिरावे लागते. वाटेत अडथळा उभा राहिला की त्याचे क्षेत्र आक्रसते. म्हणून वन्यजीव अभ्यासकांनी व संस्थांनी जुन्या मार्गाच्या रूपांतराला विरोध केला. ऑगस्ट २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांना पत्र लिहून मार्ग जंगलाबाहेरून नेण्याची विनंती केली. त्यानंतर रेल्वेनेही वळणाचाच मार्ग हाती घेतला.

हा पर्यायी मार्ग हिवरखेडनंतर सोनाळा, जामोद या बाजूने, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतून मध्य प्रदेशात शिरतो. तो जुन्या मार्गापेक्षा सुमारे ३० किलोमीटरांनी लांब आहे. पण ज्या तालुक्यांनी आगगाडी कधी पाहिली नाही त्यांना तो रेल्वेच्या नकाशावर आणणार आहे. बुलढाणा जिल्ह्याची रेल्वेविषयीची ओढ जुनी आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही मुख्य मार्गावरील स्थानके आणि जलंब-खामगाव ही छोटी शाखा, एवढाच जिल्ह्याचा वाटा. खामगावची शाखा कापसाच्या बाजारपेठेसाठी बांधली गेली आणि १८७० साली तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तेव्हापासून दीडशे वर्षे लोटली, तरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाणा शहरात रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी तर कित्येक पिढ्या करीत आल्या आहेत. तेव्हा या जिल्ह्यात कोणी रेल्वेच्या जागेवर सायकल चालवण्याची भाषा केली, तर लोकांनी आधी गाडी मागावी यात नवल ते काय?

लोहमार्गाची सायकलवाट कशी होते?

बंद लोहमार्ग सायकलला इतका सोयीचा का असतो, याचे उत्तर चाकात आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घरंगळते, पण चढ आला की घसरते. म्हणून लोहमार्गाचा चढ अगदी सौम्य ठेवावा लागतो. सपाट मुलखात शंभर मीटर अंतरात एखादा मीटर चढ असला तरी तो बराच मानला जातो. डोंगरात हा सौम्य चढ साधण्यासाठी भराव घालतात, घळी खोदतात, बोगदे व पूल बांधतात. रूळ निघून गेले तरी ही सारी बांधणी जागेवरच राहते. जो उतार कोळशाच्या इंजिनाला झेपला तो शाळकरी मुलाला, साठीच्या आजोबांना आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसालाही झेपतो. शिवाय मोटारींचा रस्ता आणि ही वाट वेगवेगळी असल्याने अपघाताची भीती उरत नाही.

काम करण्याची रीतही साधी आहे. प्रथम रूळ व स्लीपर काढून नेतात. जुन्या लाकडी स्लीपरांना कीड लागू नये म्हणून डांबरी तेल पाजलेले असते, म्हणून ते आणि त्यांच्याखालची माती तपासून घ्यावी लागते. खालची खडी पसरून दाबली की पाया तयार होतो. त्यावर मुरूम किंवा बारीक कच टाकून पुन्हा दाबतात. गावाजवळ वर्दळ जास्त असेल तेथे डांबर किंवा काँक्रीट घालतात. पुलांवर फळ्या व कठडे बसवतात, मोऱ्या साफ करतात, रस्ता ओलांडण्याच्या ठिकाणी मोटारी आत शिरू नयेत म्हणून खांब रोवतात. भराव आयता मिळत असल्याने नव्या रस्त्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात हे काम होते. मात्र एक अट आहे. मार्ग अखंड हवा. मधला एक पूल पाडला किंवा दोन किलोमीटरवर बांधकाम झाले की दोन्हीकडची वाट निरुपयोगी होते. जगातील बहुतेक मोहिमांची घाई याच कारणासाठी होती.

इतरत्र काय घडले?

अमेरिकेत शिकागोजवळ एका विद्युत रेल्वेची प्रवासी वाहतूक १९५७ मध्ये थांबली. मे थीलगार्ड वॉट्स या वनस्पतितज्ज्ञ बाईंनी १९६३ मध्ये शिकागो ट्रिब्यून या दैनिकाला पत्र लिहून ही पट्टी लोकांच्या पायवाटेसाठी राखावी अशी मागणी केली. त्या एका पत्रातून स्वयंसेवक जमले आणि इलिनॉय प्रेअरी पाथ ही वाट साकारली. विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा तीन बोगद्यांचा मार्ग राज्याने विकत घेतला आणि १९६७ साली तो सायकलींना खुला केला. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेने एक दूरदर्शी कायदा केला. बंद मार्गाची जमीन तुकड्यांनी विकण्याऐवजी ती भविष्यातील रेल्वेसाठी राखून ठेवावी आणि तोपर्यंत तिचा वाट म्हणून उपयोग करावा, अशी ती तरतूद होती. काही शेजारच्या जमीनमालकांनी तिला आव्हान दिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये कायदा ग्राह्य धरला, पण मालकांचा हक्क बाधित होत असेल तर भरपाई मागण्याचा मार्गही मोकळा ठेवला.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरातील सायकलस्वारांच्या एका गटाने १९७९ च्या उन्हाळ्यात स्वयंसेवकांच्या श्रमदानातून बाथकडील पहिला टप्पा तयार केला. १९८६ पर्यंत ब्रिस्टल ते बाथ अशी सुमारे २१ किलोमीटरची वाट पूर्ण झाली. तिच्या काही भागात रेल्वेप्रेमींनी वाफेची जुनी गाडीही पुन्हा सुरू केली. सायकल आणि आगगाडी तेथे शेजारीशेजारी नांदतात. स्पेनने १९९३ मध्ये ‘हिरव्या वाटा’ या नावाने राष्ट्रीय कार्यक्रमच आखला आणि आज तेथे अशा वाटांची एकूण लांबी ३,००० किलोमीटरांहून अधिक आहे. न्यूझीलंडच्या ओटागो भागात १९९० मध्ये बंद झालेल्या मार्गावर २००० साली सुमारे १५० किलोमीटरची वाट खुली झाली. ओस पडत चाललेल्या खेड्यांत त्यामुळे खानावळी, मुक्कामाच्या खोल्या आणि सायकल दुरुस्तीची दुकाने उभी राहिली.

आयर्लंडचे उदाहरण आम्हांस विशेष बोलके वाटते. तेथील मेयो परगण्यात वेस्टपोर्ट ते अकिल हा लोहमार्ग १९३७ साली बंद झाला. त्याची जमीन हळूहळू शेतकऱ्यांच्या ताब्यात गेली. सत्तर वर्षांनी तेथे सायकलवाट करायचे ठरले तेव्हा जमीन सक्तीने घेतली नाही. दीडशेहून अधिक जमीनमालकांशी एकेक करून बोलणी झाली. मालकी त्यांचीच राहावी आणि त्यांनी फक्त जाण्यायेण्याची मुभा द्यावी, असा समझोता झाला. त्यातून ४० किलोमीटरांहून लांब अशी वाट २०११ पर्यंत पूर्ण झाली. योगायोग असा की, खामगावच्या रेल्वेच्या उद्घाटनाला आलेल्या लॉर्ड मेयोंची सरदारकी याच परगण्याच्या नावाची होती. मेयोच्या लोकांनी जे केले त्यातून खामगावच्या लोकांनी एवढे जरूर घ्यावे की, सायकलवाट आधी माणसांच्या संमतीवर उभी राहते, मुरूम आणि खडी नंतर येते.

आपल्याकडे जमीन कोणाची?

भारतात रेल्वेची जमीन केंद्र सरकारच्या रेल्वे खात्याची असते. मार्ग बंद झाला म्हणून ती आपोआप मूळ शेतकऱ्याकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जात नाही. म्हणजे अमेरिका-आयर्लंडसारखा अनेक मालकांचा गुंता येथे सहसा नसतो. एकच मालक असतो आणि त्याच्याशीच बोलणी करावी लागतात. ही मोठी सोय आहे. पण हाच मालक जमिनीकडे उत्पन्नाचे साधन म्हणूनही पाहतो. रिकाम्या जमिनींच्या विकासासाठी रेल्वेने स्वतंत्र प्राधिकरण नेमले आहे. शहराजवळची पट्टी व्यापारी बांधकामाला जाते आणि खेड्यातील पट्टीवर अतिक्रमण होते. रूळ भंगारात जातात, गिट्टी ट्रॅक्टरने वाहून नेली जाते आणि काही वर्षांत येथे लोहमार्ग होता हे सांगावे लागते.

जमीन राज्याला मिळूच शकत नाही असे मात्र नाही. पाटणा शहरातील दिघा येथे जाणारा जुना लोहमार्ग बिहार सरकारने रेल्वेकडून घेतला आणि त्यावर अटल पथ हा रस्ता बांधून जानेवारी २०२१ मध्ये खुला केला. रायपूर शहरातही धमतरीकडे जाणाऱ्या नॅरोगेजच्या जागेवर द्रुतगती मार्ग झाला. याच अकोला-खंडवा मार्गाच्या पुढे, महूजवळ, पाताळपाणी ते कालाकुंड या घाटात मीटरगेजची वारसा गाडी डिसेंबर २०१८ मध्ये सुरू करण्यात आली. म्हणजे मोटारींसाठी आणि पर्यटक गाडीसाठी जुन्या लोहमार्गाचा वापर आपण केला आहे. पायी चालणाऱ्याला आणि सायकलस्वाराला ती जागा द्यावी, अशी मागणी सरकारदरबारी तितक्या जोराने पोहोचलेली नाही. मोहिमेची गरज आहे ती येथेच.

मेळघाटात मात्र जरा थांबावे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वान रोड ते धुळघाट ही वाट सायकलींसाठी मागावी काय? निसर्गरम्य घाट, दाट साग, नदीवरील पूल आणि ते चार आकड्याचे वळण. सायकलस्वाराला यापेक्षा काय हवे? तरीही अभयारण्याच्या भागासाठी आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे आणि त्याची कारणे वाचकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिले कारण कायद्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पाचा गाभा मानवी हस्तक्षेपापासून मुक्त ठेवण्याचे बंधन घातले. गाभ्याभोवतीचे क्षेत्र वेगळे. तेथे स्थानिकांच्या उपजीविकेला आणि नियंत्रित पर्यटनाला वाव आहे.

दुसरे कारण न्यायाचे. गाडी जंगलातून जाऊ नये म्हणून संरक्षणाचे कारण पुढे करण्यात आले. त्या कारणासाठी डोंगरातील आदिवासींनी आपली जुनी गाडी गमावली आणि नव्या मार्गासाठी बुलढाण्याच्या शेतकऱ्यांना जमिनी द्याव्या लागणार आहेत. इतक्या लोकांनी किंमत मोजून जी शांतता जंगलाला मिळवून दिली ती शहरातील हौशी सायकलस्वारांनी उपभोगावी, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

तिसरे कारण सुरक्षेचे. वाहनातील माणसाकडे वाघ किंवा अस्वल सहसा दुर्लक्ष करते. सायकलवरचा माणूस मात्र निःशब्द आणि वेगाने येतो, वळणावर अचानक समोर उभा राहतो आणि त्याला आडोसाही नसतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात भाड्याने सायकल घेऊन कान्हेरीकडे गेलेले अनेक जण आपल्यात असतील. पण तो ठरावीक वेळेत खुला असणारा, माणसांची सवय झालेला पक्का रस्ता आहे. निर्जन घळीतून जाणाऱ्या वाटेला तो न्याय लावता येत नाही.

म्हणून अभयारण्यातील लोहमार्गाचे रूळ काळजीपूर्वक काढावेत, मोऱ्या मोकळ्या ठेवाव्यात म्हणजे पाण्याचे प्रवाह तुंबणार नाहीत आणि भराव जंगलाच्या स्वाधीन करावा. धुळघाटच्या वळणाची मोजमापे, छायाचित्रे आणि आराखडे जतन केले तर अभियांत्रिकीचा तो वारसाही हरवणार नाही. गाभ्याबाहेरच्या पट्ट्याचा विचार निराळा. तेथे वाट ठेवायची असेल तर पहिला शब्द त्या गावांच्या ग्रामसभांचा असावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना सामूहिक वनांचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिलेला आहे. गाडी गेल्यानंतर आजारी माणसाला रस्त्यापर्यंत नेण्यासाठी, मुलांना आश्रमशाळेत जाण्यासाठी ती सपाट वाट उपयोगी पडत असेल, तर तिचा पहिला मान त्यांचाच आहे. पर्यटक त्यानंतर.

गाडी आधी की सायकल आधी?

वऱ्हाडातील आणखी एका मार्गाचा येथे उल्लेख करावयास हवा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज गाडी ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी ती बांधली. २०१० नंतरच्या दशकात तिच्या फेऱ्या थांबत गेल्या. त्या मार्गावर गवत वाढले, तसा ‘येथे सायकलवाट का करू नये’ असा विचार कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु तेथील नागरिकांनी शकुंतला पुन्हा सुरू व्हावी म्हणून सत्याग्रह केले आहेत. ज्या वाटेवर लोक अद्याप गाडीची प्रतीक्षा करीत आहेत तेथे सायकलवाटेची मागणी म्हणजे त्यांच्या आशेवर पाणी सोडणे होय. अमेरिकेतील तरतुदीसारखी ‘रेल्वे येईपर्यंत वाट’ अशी लेखी हमी मिळाली, तरच अशा ठिकाणी हा विषय काढावा.

बुलढाण्याला मात्र एक दुर्मीळ संधी आहे. नवा मार्ग व्हायचा असल्याने सायकलवाटेचा विचार रुळांच्या आधीच करता येईल. रेल्वे आता नव्या मार्गांवर फाटके ठेवत नाही. त्याऐवजी भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल बांधते. पावसाळ्यात असे भुयारी मार्ग पाण्याने भरतात आणि शेत एका बाजूला व गाव दुसऱ्या बाजूला अशी कोंडी होते, हा अनुभव ठिकठिकाणचा आहे. त्यामुळे आराखडा ठरतानाच पाण्याचा निचरा, सायकल व बैलगाडी सुखाने जाईल अशी रुंदी आणि स्थानकापासून शाळा-बाजारापर्यंत जाणारी सुरक्षित वाट यांची मागणी गावांनी लेखी करावयास हवी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. सायकल मिळाली, पण ट्रकच्या गर्दीतून ती चालवायची कशी, ही त्या मुलींच्या आईवडिलांची चिंता आहे. सायकलवाटेची खरी लाभार्थी हीच मुलगी आहे. शनिवार-रविवारी महागडी सायकल घेऊन येणाऱ्या पाहुण्याचेही स्वागत असावे, परंतु वाट आखताना तिचा रोजचा रस्ता नजरेसमोर हवा.

मोहिमेची पावले

आपल्या वाचकांपैकी अनेक जण विविध ठिकाणी राहतात आणि जुन्या, बंद लोहमार्गाची एखादी पट्टी त्यांच्याही परिसरात असू शकते. अशा ठिकाणी काम हाती घ्यावयाचे झाल्यास पुढील क्रम उपयुक्त ठरेल असे आम्हांस वाटते.

पहिले पाऊल, मार्ग खरोखरच कायमचा बंद झाला आहे काय, याची रेल्वेच्या विभागीय कार्यालयाकडून लेखी खात्री करून घ्यावी. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून हे विचारता येते. दुसरे, गाव नकाशा व सातबाऱ्यावरून पट्टीची हद्द निश्चित करावी आणि ती कोठे वनक्षेत्रातून जाते हे वनखात्याच्या नकाशाशी ताडून पाहावे. तिसरे, पूल, मोऱ्या आणि घळी यांची पायी पाहणी करून छायाचित्रांसह नोंद करावी. चौथे, पट्टीच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येक वस्तीत जाऊन बोलावे. तेथे झोपडी घालून राहणारी कुटुंबे असतील तर त्यांच्या निवाऱ्याची सोय झाल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये. पाचवे, ग्रामसभा व नगरपालिका यांचे ठराव घेऊन खासदार व जिल्हाधिकाऱ्यांमार्फत रेल्वेकडे प्रस्ताव पाठवावा. मालकी रेल्वेची राहील आणि वापराचा हक्क स्थानिक संस्थेला मिळेल, अशी विनंती मान्य होणे तुलनेने सोपे असते. सहावे, एक-दोन किलोमीटरचा तुकडा नमुना म्हणून आधी तयार करावा. ब्रिस्टलच्या स्वयंसेवकांनी हेच केले. लोकांनी वाट प्रत्यक्ष वापरली की पुढील टप्प्यासाठी तेच आग्रह धरतात.

शेवटी देखभालीचा विचार. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापणारे पुष्कळ मिळतात. दोन पावसाळ्यांनंतर झुडपे तोडणारे, वाहून गेलेला मुरूम पुन्हा पसरणारे आणि बंद पडलेला दिवा बदलणारे कोण, हे आधीच ठरलेले असावे. परदेशातील ज्या वाटा टिकल्या त्यांच्यामागे स्थानिक माणसांची कायमची मंडळे उभी आहेत. आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळींना श्रमदानाची सवय आहे. आपल्या परिसरात असे काम निघाले तर इतर धर्मांच्या बांधवांसह त्यांनी त्यात सहभागी व्हावे, असे आम्ही सुचवितो.

प्रिय वाचकहो, लोहमार्गाची जमीन एके काळी सार्वजनिक कामासाठी म्हणून घेतली गेली. कोणाचे शेत गेले, कोणाची विहीर गेली. ज्या कामासाठी ती घेतली ते काम संपले असेल, पण सार्वजनिक हा शब्द संपलेला नाही. कोठे ती जमीन जंगलाला परत करणे हेच सार्वजनिक हित ठरेल, कोठे पुन्हा गाडी सुरू करणे, तर कोठे सायकलवाट. मेळघाटच्या उंबरठ्यावर या तिन्ही उत्तरांची आज एकाच वेळी परीक्षा होत आहे. नव्या मार्गाचे आराखडे गावांसमोर येतील तेव्हा सोनाळा-जामोद परिसरातील ग्रामसभांनी ते बारकाईने वाचावेत आणि आपल्या मुलींच्या शाळेची वाट त्यांत दाखवलेली आहे की नाही, हे सर्वप्रथम पाहावे.